भावाच्या मेंदूचं 'कनेक्टिव्हिटी मॅपिंग' करून घ्यावं का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ आता २७ चा आहे. २०२१ मध्ये पहिल्यांदा झालं. चार रात्री झोपला नाही, पाचव्या दिवशी सांगायला लागला की टीव्हीवर बातम्या देणारी बाई त्याच्याशीच बोलते आणि त्याला एक मोठं काम नेमून दिलंय. काम काय ते मात्र आम्हाला सांगायचं नाही. पहिल्या डॉक्टरांनी कागदावर सायकोसिस (नसलेलं दिसणं, ऐकू येणं, खरं वाटणं) लिहिलं, दुसऱ्यांनी स्किझोफ्रेनिया. मग मधे सहा महिने तो इतका खचला की अंघोळीला सुद्धा हाताला धरून उठवायला लागायचं. तिसऱ्या डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून विचारून बायपोलर (कधी बेभान उत्साह, कधी पार खचणं) सांगितलं आणि लिथियमच्या गोळ्या चालू केल्या. आता दीड वर्ष बरा आहे, दुकानात बसतो, हिशोब बघतो, पण रात्री एक वाजता त्याच्या खोलीत लाईट दिसला की आईच्या पोटात गोळा येतो.

आता मुद्दा. ओळखीतल्या एकांनी एक पत्रक आणून दिलंय. एका सेंटरमध्ये 'ब्रेन कनेक्टिव्हिटी मॅपिंग' करतात, २२,००० रुपये. पत्रकावर मेंदूचं चित्र, त्यात लाल निळ्या हिरव्या तारांचा पिसारा, आणि खाली लिहिलंय की मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी नीट जोडलेले नाहीत ते दिसतं आणि नेमका आजार ठरवता येतो. आई म्हणते एफडी मोडू पण एकदाचं कळू दे. मलाही वाटतं की तीन डॉक्टर तीन नावं सांगतात, मशीन तरी खरं बोलेल. कोणी केलंय का हे? तथ्य आहे का यात?

खोडसाळ_पंत

माझ्या मेंदूचं आणि कानाचं कनेक्शन लग्नापासून तुटलेलं आहे असं आमच्या हिचं निदान आहे. तेही फुकट केलंय तिने.

(गंमत बाजूला. भाऊ दुकानात बसतो हे वाचून खरंच बरं वाटलं ताई.)

वाचतेय_फक्त

वाचतेय. मावसबहिणीसाठी हवंय.

शुभंकर_पुणे

ताई, तीन डॉक्टर तीन नावं याचा फार त्रास करून घेऊ नका. आमच्या मुलीचं हेच झालं, १९ वर्षं झाली आता. पहिल्या झटक्यात माणूस ज्या अवस्थेत समोर येतो तेवढंच डॉक्टरला दिसतं. तुमचा भाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा पुढचे सहा महिने खचलेले कोणी पाहिले होते? ते घडलंच नव्हतं. नाव बदललं म्हणजे आधीचे डॉक्टर चुकले असं दर वेळी नसतं, सिनेमाचा मध्यंतर झाल्यावर गोष्ट कळावी तसं असतं ते.

आम्ही पण सुरुवातीला एमआरआय केला होता, साधा, डॉक्टरांनीच सांगितला होता. गाठ नाही ना, इन्फेक्शन नाही ना एवढं बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला. आणि नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. म्हणाली काहीतरी सापडलं असतं तर काढून तरी टाकता आलं असतं.

म्हणून तुमच्या आईचं 'एकदाचं कळू दे' मला अगदी कळतं. पण २२ हजार देऊ नका असं माझं मत. शास्त्राचं जाणकार सांगतीलच.

स्कॅनरमागचा

जाणकार म्हणवत नाही पण पोट यावरच भरतो. अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) आहे, रोज हाच धंदा, लोकांना स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि मेंदूच्या भागांचे एकमेकांशी संबंध मोजायचे. जरा लांबड लावतो.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, त्यामुळे उदाहरण कांद्याचंच. समजा तुमच्याकडे लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन्ही बाजार समित्यांचे वर्षभराचे रोजचे भाव आहेत. एकीकडे चढले की दुसरीकडे चढतात, उतरले की उतरतात. यावरून आपण म्हणतो की दोन बाजार 'जोडलेले' आहेत. आम्ही मेंदूत अगदी एवढंच करतो. मेंदूच्या एखाद्या भागात काम वाढलं की तिथे रक्ताचा पुरवठा वाढतो, त्याचा माग एफएमआरआय नावाचा स्कॅन काढतो. १९९० च्या सुमारास सेइजी ओगावांनी ही पद्धत दाखवली. मग १९९५ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला भरत बिस्वाल नावाचे एक विद्यार्थी होते, आपलेच भारतीय, त्यांनी बघितलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असतो तेव्हासुद्धा डाव्या आणि उजव्या हाताच्या हालचालीचे मेंदूतले भाग एकाच तालात वरखाली होतात. तोपर्यंत या वरखालीला लोक मशीनची खरखर समजून पुसून टाकायचे! सगळं 'रेस्टिंग स्टेट' प्रकरण तिथून सुरू झालं.

पण यात मेख आहे. भाव एकत्र वरखाली होतात म्हणजे लासलगावहून पिंपळगावला थेट रस्ता आहेच असं नाही सिद्ध होत. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने निर्यातबंदी केली तेव्हा दोन्हीकडे भाव एकदम कोसळले. म्हणजे तिसऱ्याच ठिकाणचं कारण. मेंदूत अशी तिसरी कारणं ढिगाने असतात, श्वास, नाडीचे ठोके, झोप किती झाली, चहा कॉफी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे चालू असलेली औषधं.

दुसरी पद्धत रस्तेच बघायची, तिला डिफ्यूजन इमेजिंग म्हणतात. मेंदूतल्या तंतूंच्या बाजूने पाणी सरळ सरकतं, आडवं कमी सरकतं, त्यावरून तंतू कुठून कुठे जातात याचा अंदाज. पत्रकावरचा रंगीत पिसारा तो हाच. दिसायला फार देखणा, पण ते रंग कॉम्प्युटरने दिशा दाखवायला भरलेले असतात. लाल म्हणजे डावीकडून उजवीकडे, आजारी नव्हे!

आता तुमचा प्रश्न. फरक दिसतात का? हो, दिसतात. २०१८ मध्ये जगभरातल्या २९ ठिकाणचे स्कॅन एकत्र करून १,९६३ स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसं यांची तुलना झाली, तंतूंच्या २५ पैकी २० भागांत सरासरी फरक निघाला. पण सरासरी. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात हे खरं, म्हणून साडेपाच फूट एवढंच सांगितल्यावर ती व्यक्ती बाई की पुरुष हे ओळखून दाखवा बरं. तुमच्या भावाचा एकट्याचा स्कॅन बघून बायपोलर की स्किझोफ्रेनिया हे आज जगात कोणी खात्रीने सांगू शकत नाही. आमच्या लॅबमध्ये नाही, कुठेच नाही. एफडी मोडू नका.

कांदेपोहे_प्रेमी

विज्ञान समजलं नाही पण कांद्याचे भाव सरकारच्या हातात असतात हे सायंटिफिकली प्रूव्ह झालं. धन्यवाद.

खोडसाळ_पंत

@कांदेपोहे, म्हणजे मेंदूच्या बाजार समितीवर पण प्रशासक बसवलाय म्हणा की.

तर्कटी

स्कॅनरमागचा यांनी फार सौम्य लिहिलंय. मी सरळ लिहितो. हे सगळं क्षेत्रच भुसभुशीत आहे. २००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि नेहमीचं गणित लावून बघितलं तर मेलेल्या माशाच्या मेंदूत हालचाल निघाली! २०१२ ला त्यांना इग नोबेल (हसवणाऱ्या संशोधनाचं गमतीचं नोबेल) मिळालं. मेलेला मासा जिथे विचार करतो तिथे जिवंत माणसाचा आजार काय कळणार? रंगीत ज्योतिष आहे नुसतं. पत्रिका ५०१ रुपयांत बघतात, इथे २२,०००.

मालवणी_मसालो

सॅमन कशाक, आमच्या बांगड्याक टाका थंयसर. मेल्यावर बी तो विचार करता, कढीत पडूचा की तव्यार.

स्कॅनरमागचा

@मालवणी 😂 बांगडा घेऊन आलो तर व्हिसा रद्द होईल माझा.

@तर्कटी, माशाची गोष्ट खरी आहे, पण ती मंडळी 'एफएमआरआय बोगस' हे सांगत नव्हती. मेंदूचे हजारो लाखो ठिपके एकेक करून तपासले की काही ठिपके योगायोगाने पेटलेले दिसणारच, त्याची दुरुस्ती गणितात करा, एवढं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती केली की मासा पुन्हा मेलेला. आज ती दुरुस्ती न करता पेपर पाठवला तर परत येतो.

खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते मी माझ्याच क्षेत्राविरुद्ध सांगतो. २०१२ मध्ये दोन तीन गटांनी दाखवून दिलं की स्कॅन चालू असताना डोकं मिलिमीटरच्या काही अंशाने जरी हललं तरी 'लांबच्या भागांची जोडणी कमी, जवळच्यांची जास्त' असं खोटं चित्र तयार होतं. आता विचार करा, अस्वस्थ, घाबरलेला, आवाज ऐकू येणारा रुग्ण जास्त हलणार की निवांत कॉलेजचा पोरगा? म्हणजे कित्येक वर्षं आपण आजार मोजत होतो की चुळबुळ? मी त्या वेळी विद्यार्थी होतो, गाईडच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला अजून आठवतो. अर्ध्या वर्षाचं काम टाकून दिलं आम्ही.

आणि २०२२ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आलं की मेंदूचे फरक आणि माणसाचं वागणं, लक्षणं यांचा पक्का संबंध दाखवायचा तर हजारोंनी माणसं लागतात. नेहमीच्या अभ्यासात असतात साधारण २५.

तरी सगळं पाण्यात गेलं का? नाही. थॅलॅमस म्हणजे मेंदूतलं जंक्शन समजा, मनमाडसारखं. स्किझोफ्रेनियामध्ये त्याची कपाळामागच्या भागाशी जोडणी सरासरीने कमी आणि हालचाल, स्पर्श वगैरेच्या भागांशी जास्त, हे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या मशीनवर पुन्हा पुन्हा आलंय. बायपोलरमध्येही तंतूंचे फरक दिसतात, खास करून दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या जाड पट्ट्यात. ज्योतिष चुकलं की ज्योतिषी पत्रिका बदलतो का? आम्ही बदलतो, रडत का होईना.

तर्कटी

बरं, मासा मागे घेतो. पण मग ३० वर्षं आणि एवढे पैसे घालवून ताईंच्या भावाला काय मिळालं हो? तेवढं सांगा.

ओपीडीतली

मी सायकियाट्रीची रेसिडेंट आहे, सरकारी रुग्णालयात. कुठलं ते विचारू नका. @तर्कटी, तुमचा प्रश्न मला रोज पडतो. आमच्या ओपीडीत सकाळी नऊ ते दोन माणसं बघायची, एकेकाला दहा मिनिटं मिळाली तर दिवाळी. तिथे थॅलॅमस कोणाला विचारताय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, त्यात बायपोलर असलेल्यांपैकी ७० टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं आलं. देवऋषी, अंगारा, 'लग्न लावून द्या सुधारेल' हे सगळं करून मग आमच्याकडे येतात.

पण एक गोष्ट या संशोधनातून माझ्या कामाला लागलीये. सांगते. आवाज ऐकू येतात त्या पेशंटच्या घरचे विचारतात की तिथे कोणी नाही तर याला ऐकू कसं येतं, नाटक करतो का? मग मी त्यांना विचारते, स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून बघा, होतात का? नाही होत. कारण हात हलवण्याआधीच मेंदूचा एक भाग दुसऱ्याला कळवतो की 'हे माझंच आहे, दुर्लक्ष कर'. लंडनला ख्रिस फ्रिथ वगैरे मंडळींनी मांडलं की मनातल्या मनात आपण बोलतो तेव्हाही असा निरोप जातो, आणि तो निरोप पोचला नाही तर आपलाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येतो. २००० साली प्रयोगही झाला, असे अनुभव असलेल्या रुग्णांना स्वतःच्या हाताचा स्पर्शही दुसऱ्याने केल्याइतकाच गुदगुल्या करणारा वाटला. हे सांगितलं की बाप पोराकडे वेगळ्या नजरेने बघतो. एकदा एका आजोबांनी ओपीडीत खरंच स्वतःला गुदगुल्या करून बघितल्या, सगळी लाईन बघत होती 😀

@गोदाकाठची ताई, निदानासाठी असले स्कॅन वापरायची वेळ आलेली नाही, हे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननेही स्पष्ट सांगितलंय. एक करा, त्या सेंटरला फोन करून विचारा, एमआरआय करता की डोक्यावर वायरींची टोपी घालता? उत्तर इथे लिहा. मला शंका आहे, टोपीने (ईईजी) नुसत्या मेंदूच्या लहरी मोजतात, पत्रकावरचं तारांचं चित्र त्यातून निघत नाही.

हळद_दूध

गोळ्यांनीच मेंदूच्या नसा सुकतात असं ऐकलंय. भावाला हळूहळू गोळ्या कमी करून शिरोधारा, ब्राह्मी, ओमकार करायला लावा. माझ्या दिरांना फरक पडला.

ओपीडीतली

@हळद_दूध, ओमकार करू देत, छानच आहे, पण लिथियम डॉक्टरांना न विचारता कमी करायचा सल्ला इथे कृपया देऊ नका. एकदम बंद केलं की मॅनिया (बायपोलरमधली ती बेभान अवस्था) उसळून येतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. मी घाबरवत नाहीये, आठवड्याला एक तरी असा पेशंट ॲडमिट करते.

स्कॅनरमागचा

यात भर. २०१९ मध्ये बायपोलरच्या १,४८२ रुग्णांचे तंतू तपासले तेव्हा लिथियम घेणाऱ्यांची मापं उलट निरोगी माणसांच्या बाजूला झुकलेली होती. यावरून लिथियम 'तंतू दुरुस्त करतं' असं मी म्हणणार नाही, ज्यांना ते लागू पडतं तीच माणसं मुळात वेगळी असतील. पण सुकतात बिकतात असं तरी त्यात दिसलं नाही. डिप्रेशनची पण गंमत ऐका. बरीच वर्षं सांगत होते की माणूस स्वतःशीच विचार करत बसतो तेव्हा चालणारं जे जाळं आहे, डिफॉल्ट मोड नेटवर्क, ते डिप्रेशनमध्ये आतल्या आत जास्त जोडलेलं असतं, म्हणून माणूस तेच तेच उगाळतो. ऐकायला किती पटतं! मग २०१९ मध्ये चीनमध्ये १,३०० रुग्ण आणि १,१२८ निरोगी लोक एकत्र घेतले तर उलटं निघालं, पुन्हा पुन्हा डिप्रेशन येणाऱ्यांत जोडणी कमी, आणि तीही औषधं घेणाऱ्यांत. आजार की औषध, निर्यातबंदी की दुष्काळ, वेगळं काढणं फार अवघड.

वाचतेय_फक्त

हा धागा फार छान चाललाय. एक बाळबोध प्रश्न, स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व ना? दोन माणसं एका शरीरात?

शुभंकर_पुणे

नाही हो ताई! हे आम्ही सांगून सांगून थकलो. सिनेमावाल्यांनी घोळ घातलाय. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९०८ मध्ये हा शब्द काढला, त्यात फाटणं आहे पण विचार, भावना, कृती यांची एकमेकांपासून फारकत असं. वाईट बातमी ऐकून हसू येणं वगैरे. मराठीतला छिन्नमनस्कता शब्द तसा बरोबर होता पण तो म्हणेपर्यंत पेशंट बरा होतो.

स्कॅनरमागचा

शुभंकर काका, एकदम करेक्ट. गंमत म्हणजे त्याच्याही आधी वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी म्हटलं होतं की वेडाचं मूळ मेंदूतल्या जोडण्या सुटण्यात असावं. स्कॅनर सोडा, तेव्हा मेंदू मेल्यावरच बघायला मिळायचा. तोच विचार १९९५ मध्ये फ्रिस्टन आणि फ्रिथ यांनी नव्याने मांडला. जुनाच भात, नवी फोडणी.

लिथियमवाली

बराच वेळ लिहू की नको करत होते.

मला स्वतःला बायपोलर आहे, ११ वर्षं. मॅनियात सायकोसिस पण झालाय, मला वाटत होतं की सोसायटीतल्या सगळ्या स्कूटरच्या नंबरमध्ये माझ्यासाठी निरोप आहे. मी असं मॅपिंग केलेलं आहे. दुसऱ्या शहरात, पैसे भरून.

रिपोर्ट १४ पानी. रंगीत. निष्कर्षात 'बदललेली जोडणी, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे' एवढंच. माझ्या डॉक्टरांनी दोन मिनिटं चाळला आणि बाजूला ठेवून विचारलं, 'झोप कशी आहे?' निदान बदललं नाही, गोळी बदलली नाही.

पण, आणि हे मी सगळ्या शहाण्यांच्या विरुद्ध लिहितेय, त्या कागदाने आमच्या घरात एक गोष्ट झाली. माझी सासू सात वर्षं म्हणत होती की हिचे लाड झालेत, मनावर घेत नाही. तिने ते चित्र बघितलं आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा ती करायला लागली. शास्त्राच्या दृष्टीने तो कागद रद्दी होता हे मला माहितीये. तिला नाही माहिती. मी सांगितलं पण नाही.

ओपीडीतली

@लिथियमवाली, काय बोलू. मी परीक्षेत याचं उत्तर चूक लिहिलं असतं.

शुभंकर_पुणे

लिथियमवाली, तुमचं खरं आहे. पण दुसरी बाजूही लिहितो. आमच्या पालकांच्या आधारगटातल्या एका शुभार्थीच्या (पेशंटला आम्ही शुभार्थी म्हणतो) घरी असाच रिपोर्ट होता, बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना तो पाहुण्यांच्या हाती लागला. 'मेंदूतच फॉल्ट आहे म्हणजे रक्तातच असणार.' बोलणी मोडली. मन आजारी आहे म्हटलं की लोक म्हणतात नाटक, मेंदू आजारी म्हटलं की म्हणतात कायमचा गेला. चित्र तेच, बघणारा कोण त्यावर सगळं.

गाडीवान

कोणी एमआरआयमध्ये आत गेलंय का कधी? मला पाठीसाठी घातलं होतं, वीस मिनिटं ठोक ठोक ठोक, वाटलं शेजारच्यांनी फ्लॅटचं काम काढलंय. हातात ते रबरी बटण देतात ना, घाबरलात तर दाबा, मी चार वेळा दाबलं. ज्याला आधीच आवाज ऐकू येतात त्याला त्या भोंग्यात घालायचं आणि वर म्हणायचं 'आराम करा, कसलाही विचार करू नका', कमाल आहे राव.

स्कॅनरमागचा

@गाडीवान, हे तुम्ही हसत लिहिलंत पण हा खराच आक्षेप आहे. 'रेस्टिंग' म्हणतो आम्ही, पण आतला माणूस आराम करतोय, झोपलाय, की देवाचा धावा करतोय ते आम्हाला कुठे माहीत असतं. आणि जे फार आजारी असतात ते आत जायलाच तयार नसतात, म्हणजे अभ्यासात येतात ते त्यातल्या त्यात बरे असलेले.

शनिवारवाडा

उपचारासाठी उपयोग होतो असं वाचलंय ना? स्टॅनफर्डचं काहीतरी, डोक्यावर मॅग्नेट लावतात.

ओपीडीतली

हो, टीएमएस, म्हणजे मॅग्नेटने बाहेरून मेंदूच्या एका भागाला चेतवायचं. तिथे मात्र कनेक्टिव्हिटी खरंच कामाला लागलीये. मॅग्नेट कपाळाच्या डाव्या बाजूला लावायचा, पण नेमका कुठे? पूर्वी टेपने मोजून लावायचे. मग लक्षात आलं की खोलवर एक भाग आहे, डिप्रेशनमध्ये त्याचं काम वाढलेलं दिसतं, आणि कपाळाखालचा जो ठिपका त्याच्या बरोबर उलटा वरखाली होतो तिथे मॅग्नेट लावला तर फायदा जास्त. स्टॅनफर्डवाल्यांनी प्रत्येकाचा स्कॅन करून त्याचा त्याचा ठिपका शोधला, दिवसाला १० वेळा, असे ५ दिवस. २०२२ मध्ये निकाल आले, चांगले होते, अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण अभ्यासात माणसं होती २९, आणि तेही गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी. बायपोलरच्या मॅनियासाठी नाही हं, नाहीतर उद्या अजून एक पत्रक यायचं.

स्कॅनरमागचा

@तर्कटी, तुमच्या 'काय मिळालं'चं अर्धं उत्तर हे घ्या. उरलेल्या अर्ध्यातलं एक. अमेरिकेत काही केंद्रांनी मिळून स्किझोफ्रेनिया, सायकोसिस असलेला बायपोलर आणि या दोघांच्या मधला स्किझोअफेक्टिव्ह, असे सगळे रुग्ण एकत्र घेतले, मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, विचारशक्तीच्या चाचण्या यावरून त्यांचे गट पाडले. २०१६ मध्ये छापून आलं, तीन गट पडले, आणि ते डॉक्टरांनी दिलेल्या नावांशी जुळलेच नाहीत! तिन्ही गटांत तिन्ही नावांची माणसं. म्हणजे ताईंच्या भावाला तीन नावं मिळाली यात फक्त डॉक्टरांचा गोंधळ नाही, नावांच्या कुंपणांतूनच गुरं इकडून तिकडे जातात.

(आता कोणी म्हणेल मग गटच वापरा. २०१७ मध्ये डिप्रेशनचे कनेक्टिव्हिटीवरून चार प्रकार जाहीर झाले होते, खूप गाजावाजा. दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या गटाने तीच पद्धत आपल्या रुग्णांवर लावली, चार प्रकार काही पक्के निघेनात. हळू हळू.)

२०२४ चा एक अभ्यास मात्र मला फार आवडतो. त्यांनी उलटं केलं, थोडीच माणसं घेतली पण एकेकाला महिनोन् महिने पुन्हा पुन्हा स्कॅन केलं. डिप्रेशन असलेल्या बऱ्याच जणांत 'कशाकडे लक्ष द्यायचं' हे ठरवणारं जाळं जवळजवळ दुप्पट जागा व्यापून बसलेलं दिसलं, आणि मूड सुधारला तरी ते तसंच राहिलं. एका माणसाबद्दल बोलायचं तर असं त्याच्याकडे वारंवार जावं लागतं. एका दुपारच्या स्कॅनमधून नाही कळत.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस वाचतेय नुसती.

ओपीडीतली ताई, तुमची शंका खरी निघाली. फोन केला. एमआरआय नाहीच, डोक्यावर वायरींची टोपी घालतात, २० मिनिटं. मी विचारलं मग पत्रकावरचं चित्र? तर म्हणाले, 'ते मॅडम प्रातिनिधिक आहे.' मग विचारलं भाऊ लिथियमवर आहे, त्याचा रिपोर्टवर परिणाम होतो का, तर म्हणाले डॉक्टर सांगतील, आधी बुकिंग करा, या आठवड्यात २०% सूट आहे.

एफडी वाचली. आईला लिथियमवालींची पोस्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या सासूला भेटायला हवं एकदा.

आमच्या डॉक्टरांना पण विचारलं. ते म्हणाले, ते २२ हजार ठेवा, मला रोज किती वाजता झोपला आणि किती वाजता उठला ते एका वहीत लिहून आणा.

तर्कटी

'प्रातिनिधिक'!! त्यापेक्षा मासा परवडला.

खोडसाळ_पंत

२०% सूट हे निदानाचं सगळ्यात पक्कं लक्षण. सेंटरच्या.

दुकानातला

नवीन आयडी आहे. मी तो भाऊ. ताईने मोबाईल माझ्यासमोर उघडा ठेवला म्हणून वाचलं, आता ती ओशाळलीये.

एवढ्या सगळ्यांनी लिहिलं पण स्कॅन माझा होणार होता आणि मला विचारायचं कोणाला सुचलं नाही, राग नाही, नोंद करतोय फक्त. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, मलाही ते चित्र बघायचं होतं. टीव्हीवरची बाई बोलायची ती खोटी होती हे मला आता कळतं, पण आवाज कसा होता ते मी अजून विसरलो नाही. गुदगुल्यांचं वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की ती बाई म्हणजे मीच होतो. विचित्र वाटलं. पण वाईट नाही वाटलं.

झोपेची वही मीच लिहितो, ताई नाही. काल ११:४० ते ६:१०. लिथियमची रक्तातली लेव्हल शनिवारी करायची आहे, सकाळची गोळी न घेता जायचं.

@स्कॅनरमागचा, तुमचं उदाहरण ऑगस्टनंतर चालणार नाही. टोमॅटोचा सीझन सुरू झाला की पिंपळगावचं गणितच वेगळं, कांद्याच्या भावावरून मार्केट ओळखायला गेलात तर फसाल.

स्कॅनरमागचा

दादा, जोडण्या वेळेनुसार बदलतात हे समजायला आम्हाला १५ वर्षं लागली. सध्या काय भाव चाललाय टोमॅटोचा?

दुकानातला

सकाळी बघून सांगतो. आता ११:३० झालेत.